हात आणि घाव यांमधील अंतर

माणूस पूर्वी क्रूर होता आणि हळूहळू सुधारला, असे मानणारे एका बाजूला. माणूस मुळात निष्पाप होता आणि सुधारणेनेच त्याला क्रूर केले, असे मानणारे दुसऱ्या बाजूला. हा वाद जुना आहे. सतराव्या शतकात इंग्लंडातील हॉब्ज याने पहिली बाजू मांडली, अठराव्या शतकात रूसोने दुसरी. दोघांनीही साक्षीला बोलावला तो रानातला माणूस, आणि तो दोघांपैकी एकानेही जवळून पाहिला नव्हता.

आपल्याला महाराष्ट्रात राहून इतक्या दूरच्या कल्पनेचा आधार घेण्याचे कारण नाही. राज्याच्या पूर्व टोकाला चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे आहेत. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत तो एकच जिल्हा होता. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून तेथे प्राणहिता होते, ती सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते आणि पूर्वेला इंद्रावतीच्या पलीकडे बस्तर सुरू होते. या एवढ्या पट्ट्यात माडियांचे पाडे आहेत, चांद्याच्या गोंड राजांचा परकोट आहे, इंग्रजांनी उभारलेल्या फासाची आठवण आहे, कोळशाच्या खाणी आहेत, दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि चार दशकांहून अधिक काळ चाललेल्या सशस्त्र संघर्षाच्या खुणा आहेत. मानवी हिंसेचे जे जे वळण इतिहासकार शतकांच्या अंतराने मांडतात, ते येथे एका दिवसाच्या एस. टी. प्रवासात दिसू शकते. म्हणून तो जुना प्रश्न येथे विचारून पाहावा असे वाटते: हिंसा खरोखर कमी झाली, की तिने रूप पालटले?

कमी झाली, असे म्हणणाऱ्यांची बाजू आधी न्यायाने ऐकली पाहिजे. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या जाडजूड ग्रंथात ती आकड्यांनिशी मांडली आहे. युरोपात मध्ययुगाच्या अखेरीस दर लाख लोकांमागे वर्षाला वीस-तीस खून होत असत. विसाव्या शतकात हा आकडा एक-दोनवर आला. आपल्या देशात २०२२ साली राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने हे प्रमाण लाखामागे २.१ असे दिले आहे. शस्त्र बाळगण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला, व्यापार वाढला, अक्षरओळख पसरली, परक्याचे दुःख वाचून कळू लागले आणि खुनाची सवय मोडत गेली, असे पिंकर यांचे म्हणणे. दोन महायुद्धांचे काय, असे विचारले तर ते लोकसंख्येच्या प्रमाणाकडे बोट दाखवतात.

या आकड्यांना नाक मुरडण्याची एक फॅशन विचारवंतांत आहे. ती मला मान्य नाही. ज्या घरातला मुलगा जिवंत राहिला त्या घराला आकडा हा आकडा नसतो. शंभरांऐवजी दहा माणसे मेली तर नव्वद जण संध्याकाळी जेवायला बसतात, आणि ही गोष्ट कोणत्याही तत्त्वज्ञानापेक्षा मोठी आहे. परंतु मृतांची मोजदाद करताना एक गोष्ट सुटते. मारणारा आणि मरणारा यांच्यात नाते कोणते होते, आणि त्या मरणाचे उत्तर कोणी दिले, याची नोंद कोठेच होत नाही.

या ठिकाणी व्हेरिअर एल्विन यांची आठवण होते. हे इंग्रज गृहस्थ एका अँग्लिकन बिशपांचे चिरंजीव. १९२७ साली ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. पुढे धर्मगुरुपद सोडून मध्य प्रांतातील आदिवासींमध्ये राहू लागले. बस्तरच्या माडियांमधील खून आणि आत्महत्या यांवर त्यांनी १९४३ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. नाचताना रानगव्याची शिंगे डोक्यावर बांधणाऱ्या माडियांविषयी ते आहे. हे लोक इंद्रावतीच्या पलीकडचे, पण भामरागडच्या डोंगरांतील माडियांचे ते भाऊबंदच. न्यायालयांच्या दप्तरांतून शंभर खुनांची प्रकरणे काढून एल्विन यांनी एकेका खुनाचे कारण शोधले. नवरा-बायकोचे भांडण, वाटणीचा वाद, दारूच्या बैठकीतला अपमान, जादूटोण्याचा संशय. हत्यार बहुधा हाताशी असलेली कुऱ्हाड, नाहीतर समोर पडलेले लाकूड. रूसोला आवडला असता असा निष्पाप वनवासी या पुस्तकात सापडत नाही. पण हॉब्जचा लांडगाही सापडत नाही. वारंवार दिसतो तो असा माणूस, की जो रागाच्या भरात जवळच्या माणसाला मारतो आणि मग पळून जात नाही. तो तेथेच बसून राहतो, किंवा स्वतः जाऊन सांगतो की हे मी केले. न्यायाधीशांनी आणि तुरुंगाधिकाऱ्यांनी या माणसाला समजून घ्यावे, हा एल्विन यांच्या लेखनामागचा एक हेतू होता.

त्या माणसाचा गौरव करावा असे मी म्हणत नाही. कुऱ्हाडीखाली सापडलेल्या बाईला मारेकऱ्याच्या प्रामाणिकपणाचा काय उपयोग? तरीही त्या हिंसेत आणि आजच्या हिंसेत एक भेद आहे. तेथे हात आणि घाव यांमध्ये अंतर नव्हते. ज्याने मारले त्याला मेलेल्याचे नाव माहीत होते, त्याच्या मुलांची नावे माहीत होती, आणि उद्या त्याच विहिरीवर त्या मुलांसमोर उभे राहायचे आहे हेही माहीत होते. क्रौर्य होते, परंतु ते बेवारशी नव्हते.

जुन्या पद्धतीची सर्वच हिंसा अशी उघड्या छातीची होती, असे मात्र समजू नये. जादूटोण्याच्या संशयावरून होणारा छळ घ्या. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात वणी खुर्द येथे वृद्ध माणसांना, त्यांत स्त्रियाही होत्या, भरचौकात खांबांना बांधून मारहाण झाली. मे २०२४ च्या आरंभी गडचिरोलीतील एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा येथे एक स्त्री आणि एक पुरुष यांना जाळून मारण्यात आले आणि पंधरा जणांना अटक झाली. जादूटोणाविरोधी कायदा होऊन तोवर दहा वर्षे उलटली होती; ज्यांनी त्याच्यासाठी आयुष्य वेचले त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली पुण्यात गोळ्या घालून खून झाल्यावर तो आला. बारसेवाड्यासारख्या ठिकाणी मारणारे हात अनेक असतात, म्हणून तो हात कोणाचाच नसतो. ‘गावाने ठरवले’ एवढेच उत्तर मिळते. ज्या अंतराविषयी मी बोलतो आहे ते यंत्राने निर्माण झाले असे म्हणता येत नाही. ते घोळक्यातही होते. पुढे राज्याने, यंत्राने आणि संघटनेने त्याचा विस्तार केला.

राज्याची गोष्ट १८५८ पासून पाहता येते. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातील बाबुराव पुल्लेसुर शेडमाके यांनी गोंड तरुणांची फौज उभारून इंग्रजांविरुद्ध उठाव केला. २९ एप्रिल १८५८ रोजी चिंचगुंडी येथे तारयंत्र खात्याच्या तळावर हल्ला होऊन गार्टलंड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. पुढे अहेरीच्या जमीनदारिणीच्या मदतीने शेडमाके पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. आज ते हुतात्मा म्हणून पूजले जातात, आणि ते योग्यच आहे. येथे आपल्या विषयापुरते पाहायचे ते एवढेच, की या मरणाबरोबर त्या रानात एक नवीन प्रकारची हिंसा आली. तिला तारीख होती, हुकूम होता, कागदावर सही होती. फासाचा दोर ओढणाऱ्याचा कैद्यावर राग नव्हता. सही करणाऱ्याने दोराला हात लावला नव्हता. एक मरण अनेक टेबलांवर वाटले गेले. या वाटणीला आपण न्याय म्हणतो, आणि सूडाच्या मानाने ती प्रगतीच आहे. मात्र या वाटणीत कोणाच्या वाट्याला किती येते, हा प्रश्न आपल्या ख्रिस्तसभेलाही सहजासहजी सुटला नाही. फाशीची शिक्षा कोणत्याही परिस्थितीत स्वीकारार्ह नाही, असा बदल धर्मशिक्षणाच्या ग्रंथात व्हायला २०१८ साल उजाडावे लागले.

चिमूरची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. ‘चले जाव’च्या लाटेत चिमूरला मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे पडली. मग खवळलेल्या जमावाने उपविभागीय अधिकारी, नायब तहसीलदार, सर्कल इन्स्पेक्टर आणि एक शिपाई यांना ठार केले. तीन दिवसांनी गोरे सैन्य गावात शिरले. पुरुषांना पकडून नेण्यात आले, घरे लुटली गेली आणि मागे राहिलेल्या स्त्रियांवर अत्याचार झाले. जमावाने केलेल्या खुनांबद्दल खटले झाले, अनेकांना फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या आणि मोठ्या खटपटीनंतर त्या जन्मठेपेत बदलल्या. स्त्रियांवरील अत्याचारांची चौकशी करायला मात्र सरकार तयार होईना. वृत्तपत्रांना त्याबद्दल लिहिण्याची बंदी झाली.

तेव्हा सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भन्साळी पुढे आले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्या वेळी वऱ्हाडातील माधव श्रीहरी अणे होते. भन्साळी दिल्लीला त्यांच्या दाराशी गेले आणि आपण स्वतः चिमूरला येऊन पाहावे असे त्यांनी विनवले. तेथून त्यांना परत पाठवण्यात आल्यावर त्यांनी ११ नोव्हेंबर १९४२ पासून उपोषण धरले. ते १२ जानेवारी १९४३ पर्यंत, म्हणजे त्रेसष्ट दिवस चालले. शेवटी तडजोड झाली आणि चिमूरविषयी बोलण्या-लिहिण्यावरची बंधने सैल झाली. कोणा सैनिकाला शिक्षा झाली नाही.

भन्साळींच्या मागणीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांनी सूड मागितला नव्हता आणि शिक्षेचा हट्टही धरला नव्हता. ज्याच्या नावाने सत्ता चालते त्याने त्या गावात पाऊल टाकावे, त्या स्त्रियांसमोर उभे राहावे आणि काय घडले ते ऐकावे, एवढेच ते मागत होते. अंतर कमी करा, असे एक माणूस पोटात अन्न न घेता नऊ आठवडे सांगत होता. दिल्ली ते चिमूर हे अंतर रेल्वेने दोन दिवसांचे असेल. त्या काळी ते पार करता येण्यासारखे नव्हते असे दिसते.

उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिला खून आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो. काइनाला विचारलेला प्रश्न खुनाविषयी नव्हता. तुझा भाऊ कोठे आहे, असा तो होता. काइन खुनी होता, पण प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला आणि त्याला उत्तर द्यावे लागले, मग ते कितीही टाळाटाळीचे असो. त्याच वंशात पुढे लामेख जन्मला. एका जखमेबद्दल सत्त्याहत्तरपट सूड घेईन, अशी बढाई त्याने बायकांपुढे मारली. पेत्राने किती वेळा क्षमा करावी असे विचारले तेव्हा प्रभूने जवळजवळ तोच आकडा उलट्या दिशेने वापरला. लामेखाच्या गर्वाला दिलेले ते उत्तर असावे, असे अनेक भाष्यकार मानतात. सूड आणि क्षमा या दोन्हींसाठी मात्र एक गोष्ट लागते: समोरासमोर दोन माणसे. त्यांपैकी एकच हरवले तर सूडही घेता येत नाही आणि क्षमाही करता येत नाही.

आजच्या हिंसेत नेमके तेच हरवते. भद्रावतीला जाऊन पाहा. तेथे विजासन टेकडीत प्राचीन बौद्ध लेणी आहेत, जैनांचे मोठे तीर्थ आहे. जीवमात्राला इजा करू नये असे सांगणारे दोन धर्म शतकानुशतके त्या गावात नांदले. त्याच गावाजवळ १९६० च्या दशकात उभा राहिलेला चांदा आयुध निर्माणी कारखाना आहे. त्यात तोफगोळे भरले जातात. कारखान्यात काम करणारी माणसे तुमच्या-माझ्यासारखी कुटुंबवत्सल आहेत. वेळेवर पाळी गाठतात, मुलांच्या फीची चिंता करतात, जोखीम पत्करून देशासाठी काम करतात. त्यांना हिंसक म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी भरलेला गोळा कोठे पडला हे त्यांना कधी कळणार नाही, आणि ज्याच्यावर तो पडला त्याला भद्रावती हे नावही माहीत असणार नाही. संत अल्फोन्सस लिगोरी यांनी अठराव्या शतकात दुसऱ्याच्या वाईट कृत्यातील सहभागाचे बारकावे नीतिशास्त्रात मांडले: कोणाचा हेतू त्यात मिसळला, कोणी केवळ साधन पुरवले, कोण जवळचा, कोण दूरचा. त्यांच्यासमोर चाकू देणारा नोकर आणि शिडी धरणारा गडी अशी उदाहरणे होती. शिडीची लांबी हजार मैल झाली तर तो हिशेब कसा मांडायचा, याचे उत्तर आपले नीतिशास्त्र अजून शोधत आहे.

भूसुरुंगात हे अंतर आणखी विचित्र होते. पुरणारा माणूस शंभर पावलांवर असेल, पण रस्त्यावरून कोण येणार हे त्याला दिसण्याची गरज नसते. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभूळखेडा येथे शीघ्र कृती दलाचे पंधरा जवान आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालक सुरुंगाच्या स्फोटात मरण पावले. गाडीत कोण बसले आहे हे सुरुंगाने विचारले नाही. पोटासाठी गाडी चालवणाऱ्या त्या चालकाचा या युद्धाशी काय संबंध होता?

१९८० च्या सुमारास आंध्रातील पीपल्स वॉर ग्रुपच्या तुकड्या प्राणहिता ओलांडून सिरोंचा-अहेरीच्या रानात आल्या. तेंदूपत्त्याची मजुरी, बांबूची मजुरी, वनरक्षकांचा जाच ही खरी दुःखे होती आणि त्यांना त्यांनी हात घातला, हे त्यांचे विरोधकही कबूल करतात. १९९० साली पोलिसांनी सी-६० हे पथक उभारले. त्यात भरती झाले ते बहुतांशी याच जिल्ह्यांतले आदिवासी तरुण. रानाच्या दोन बाजूंना एकाच भाषेत बोलणारी, एकाच देवाला मानणारी, प्रसंगी एकाच गावची मुले बंदुका घेऊन उभी राहिली. २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन ठिकाणी मिळून अठ्ठेचाळीस पोलीस मारले गेले. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया परिसरातील चकमकींत चाळीस जण मारले गेले. काहींचे देह इंद्रावतीच्या पाण्यातून काढावे लागले, आणि त्यांत आमची मुले होती, असे गट्टेपल्लीच्या काही घरांनी सांगितले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोला येथे आणखी सव्वीस-सत्तावीस मेले.

येथे क्षणभर आपल्या भाषेकडे पाहावे. पोलिसांच्या निवेदनात ‘चकमकीत ठार झाले’ असे असते. रात्री घरातून उचलून नेलेल्या माणसाच्या प्रेताजवळ पक्षाचे पत्रक सापडे, त्यात ‘खबऱ्याला मृत्युदंड देण्यात आला’ असे असे. आणि गावातला माणूस एवढेच म्हणतो, ‘रात्री आले, घेऊन गेले.’ तिन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत. तिन्हींत कर्ता नाही. राज्याच्या वाक्यातून तो सोयीने गेला, पक्षाच्या वाक्यातून तत्त्वाच्या नावाखाली गेला आणि गावाच्या वाक्यातून भीतीने गेला. एल्विन यांच्या पुस्तकातील माडियाच्या वाक्यात तो होता. ‘मी मारले.’ आपल्या प्रायश्चित्त संस्कारातही क्रियापदाला कर्ता लागतोच, आणि तो प्रथमपुरुषी एकवचनी लागतो. समितीच्या किंवा खात्याच्या वतीने पापनिवेदन करण्याची सोय तेथे नाही.

ज्या मरणांना चकमक म्हणता येत नाही, त्यांच्याबाबत तर कर्त्याचा पत्ताच लागत नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग १९८६ पासून गडचिरोलीत काम करीत आहेत. आरंभी त्यांच्या कार्यक्षेत्रातील गावांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांतील १२१ मुले वर्षाच्या आत मरत होती. बालमृत्यूंसाठी रूढ झालेले ‘कोवळी पानगळ’ हे शब्द हृदयाला भिडणारे आहेत, पण त्यांविषयी माझ्या मनात एक शंका आहे. पाने ऋतुमानाने गळतात. त्यात कोणाचा दोष नसतो. बंग दांपत्याने जे सिद्ध केले ते याच्या नेमके उलट होते. एकोणचाळीस गावांतील स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरीच काळजी घेतली, तर त्यांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटतात, असे त्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवले. म्हणजे ही मुले ऋतूने गेली नव्हती. नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी १९६९ साली मांडले होते, की क्षयाने अठराव्या शतकात मेलेल्या माणसाबद्दल कोणाला दोष देता येणार नाही, पण औषध उपलब्ध असताना तो आज मेला तर ती हिंसा आहे. हा विचार स्वीकारला तर हिंसेच्या इतिहासाचा आलेख तितका सरळ उतरत नाही. जे टाळता येण्यासारखे झाले आणि टाळले गेले नाही, ते सर्व त्यात धरावे लागेल.

हे अंतर कमी करता येते का? एक उदाहरण मला माहीत आहे, आणि ते याच रानातले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या लहानशा गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ असा निश्चय केला. गावाचा निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने घ्यायचा. एकाचाही विरोध असेल तर थांबायचे, पुन्हा बसायचे. बहुमत म्हणजे एक्कावन्नांनी एकोणपन्नासांना हरवणे, आणि हरलेल्याच्या मनात जे राहते ते कधीतरी कुऱ्हाडीपर्यंत जाते, हे गावाला कळले असावे. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी त्यांच्या रानातला बांबू तोडला जाई, तो त्यांनी रक्त न सांडता रोखला. (ज्या कागदावर आपण अहिंसेवरचे लेख छापतो तो कोठून येतो, हे लेखकांनी कधीतरी विचारावे.) २००९ साली १८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिले. भन्साळी ज्याच्यासाठी दिल्लीला गेले होते, तसे काहीसे येथे घडले: सत्ता चालत गावात आली.

मेंढ्यात भांडणे होत नसतील असे मी समजत नाही. परंतु तेथे निर्णय घेणारा आणि त्याचे परिणाम सोसणारा एकच आहे. ज्या झाडावर घाव घालायचा ठरेल त्याच्या सावलीतच ठरवणारे बसलेले असतात. सर्वसहमती ही मोठ्या नगरांना आणि राष्ट्रांना झेपणारी गोष्ट नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो खराही असेल. पण तेवढ्याने पाचशे माणसांच्या गावाने जे करून दाखवले ते खोटे ठरत नाही.

आता त्या रानातील बंदुका शांत होत आहेत. १ जानेवारी २०२५ रोजी तारक्का या ज्येष्ठ महिला नेत्याने गडचिरोलीत शरणागती पत्करली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ साथीदारांसह तेथेच मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. पिंकर यांच्या आलेखाची रेघ आणखी खाली जाईल आणि तसे झाले याचा आनंद मानला पाहिजे. शरण आलेल्यांना घर, पैसा, काम देण्याची योजना आहे, तीही असावी. मात्र आत्मसमर्पणात शस्त्रांची यादी होते. कोणी कोणाला, कोठे, का मारले याची यादी होत नाही. दक्षिण आफ्रिकेत डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ पासून सत्यशोधनाच्या सुनावण्या झाल्या, त्यांत मारणारा आणि मेलेल्याची आई एका खोलीत बसले. त्या प्रयोगात उणिवा होत्या. अनेक आया रिकाम्या हाताने घरी गेल्या. तरी कर्ता त्या खोलीत हजर होता. गडचिरोलीत तसे काही व्हावे असे म्हणणारा आवाज अजून क्षीण आहे, आणि झालेच तर ते पक्षापुरते न राहता पोलिसांपर्यंतही पोचावे लागेल, म्हणून तो क्षीणच राहावा असे अनेकांना वाटत असणार. यापुढे भामरागडच्या आठवडी बाजारात शरण आलेला माणूस, हुतात्मा पोलिसाची विधवा आणि ‘खबऱ्या’ ठरवून मारलेल्याचा मुलगा एकाच दुकानातून मीठ घेतील. ते एकमेकांना ओळखतील की नाही, आणि ओळखले तर काय म्हणतील, हे कोणत्याही शासकीय योजनेत लिहिलेले नाही.

त्या रस्त्यांनी जाताना तीन प्रकारची स्मारके दिसत आली आहेत. एक पोलिसांनी आपल्या हुतात्म्यांसाठी बांधलेली, नावे कोरलेली, पांढरी स्वच्छ. दुसरी पक्षाने आपल्या मृतांसाठी उभारलेली लाल रंगाची, ती बहुतेक पाडून टाकली गेली. आणि तिसरे माडियांचे जुने उभे दगड, जे घरातले माणूस गेल्यावर नातलग रानातून वाहून आणतात आणि वाटेच्या कडेला रोवतात. त्यांवर नाव नसते, तारीख नसते, मरणाचे कारणही नसते. कोणता दगड कोणाचा, हे गावातल्या पोरांनाही सांगता येते.